वैशालीने घेतलेला माझ्या आईचा सीन

वैशाली वाईट दिग्दर्शक होती. आज हे कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

परवा मुंबईत ती गेली. कॅन्सर होता.

तेव्हापासून फोन उघडला की तिचेच फोटो. 'झाडीपट्टीची शान.' 'भंडाऱ्याची लेक.' 'आपली बोली घराघरात नेणारी.'

हे शेवटचं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

आम्ही दोघी सानगडीच्या. पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर. तिच्या घरी धानाची शेती. मुलीने नाटकात काम करणं तिच्या वडिलांना अजिबात मान्य नव्हतं. माझे वडील तलावात मासे धरायचे आणि आई ते बाजारात विकायची.

वैशाली अभ्यासाच्या नावाखाली आमच्या अंगणात नाटकाचं पाठांतर करायची. तिचे वडील शोधत आले की आई त्यांना सांगायची, पोरी गणितं करून राहिल्या.

झाडीपट्टी रंगभूमीवर तिच्या पहिल्या नाटकात ती उभी राहिली, तेव्हा अंगावरचं लुगडं माझ्या आईचं होतं.

आम्ही नववीत असताना माझे वडील तलावात बुडाले. त्यांचा डोंगा, लाकडाची छोटी होडी, त्याच दुपारी सापडला. ते दुसऱ्या दिवशी सापडले.

वैशाली तेव्हा रोज येऊन आईजवळ बसायची. तिच्यासोबत रडायची. ते रडणं खरं होतं, एवढं मी आजही मान्य करते.

मग मुंबई. बरीच वर्षं काहीच नाही, आणि एकदम ती टीव्ही मालिकेतली 'चंपा'.

बंगल्यात काम करणारी विदर्भातली मोलकरीण. कमरेवर हात ठेवून बोलणं, 'बाप्पा' लांबवणं, सगळं माझ्या आईचं. चंपा 'मले' म्हणाली की बंगल्यातले लोक कपाळावर हात मारायचे आणि मागे टुंग असा आवाज यायचा.

विनोद एवढाच. तीन वर्षं चालला.

तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं होतं की तिलाही लाज वाटते. दिग्दर्शकाला हेच पाहिजे, ती काय करणार.

"माया हातात येऊ दे, मंग पाय."

मी विश्वास ठेवला. मी शिकवते त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये भांडले तिच्यासाठी. मूर्खासारखी.

आलं तिच्या हातात. आधी दिग्दर्शक झाली, मग स्वतःची कंपनी काढून निर्माती. पहिलीच मालिका वैनगंगेकाठच्या मासेमार बाईची. 'माझ्या मातीची गोष्ट' म्हणून इंटरव्ह्यूंवर इंटरव्ह्यू.

मातीची गोष्ट, आणि हिरोईन गोरी. तिला रोज सकाळी तासभर काळा रंग फासायचे.

शूटिंग नदीकाठी कारध्याला होतं. वैशाली स्वतः सानगडीला आली, आईच्या पाया पडली, जेवली. पूर्वी काकी म्हणायची, आता काकू म्हणत होती. टोपली डोक्यावर घेऊन कसं चालायचं ते हिरोईनला शिकवा, म्हणाली. आई खूश. मी शाळेतून रजा टाकून सोबत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने आईलाच एक सीन दिला. हिरोईनचा नवरा नदीवर गेलाय. म्हातारीने येऊन बातमी सांगायची.

आईला कागद वाचता येत नव्हता. तुमच्या शब्दांत सांगा, म्हणाली वैशाली.

आईने सांगितलं. "डोंगा भेटला वो बाई. मानूस नाई भेटला."

युनिट हसलं. त्या पोरांना काय माहीत. त्यांना फक्त चंपा ऐकू आली.

वैशालीला माहीत होतं. मी तिच्याकडे पाहत होते. आता ती उठेल, यांना गप्प करेल.

ती उठली. आईजवळ गेली आणि म्हणाली, काकू, सेम असंच बोला, आणि वळताना चिखलात घसरून पडा.

सत्तरीची बाई पडली. शॉट नीट आला नाही म्हणून पुन्हा पडली.

मी मॉनिटरजवळ जाऊन म्हटलं, "वैशाली, तुले माहीत आहे ना हे काय आहे?"

तिने मान वर केली नाही. "मध्ये येऊ नकोस. प्रेक्षकांना हलकंफुलकं लागतं."

एपिसोड लागला तेव्हा अर्धं गाव आमच्या घरी होतं. आईच्या वाक्यावर तोच टुंग. आई उठून आत गेली आणि तांदूळ निवडत बसली.

मग लोक बाजारात तिला पाहून तेच वाक्य म्हणायचे. पोरांनी रील्स केल्या. महिन्याभरात आईने बाजारात बसणं सोडलं.

मी वैशालीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, काकू फेमस झाल्या."

मी नंबर ब्लॉक केला. मालिका वर्षभरात बंद पडली. पुढच्या दोन मालिकाही तशाच. प्रत्येकीत एक चंपा. आता तर तिला असं करायला लावणारा कुणी दिग्दर्शकही नव्हता.

आज सकाळी सानगडीत शोकसभा होती. आई म्हणाली, मी जातो. मी विचारलं, कायले?

"माया घरी जेवली हाय ते."

पाच भाषणं झाली. पाचही चंपावर. मग मॅडमच्या मालिकेत काम केलेल्या म्हणून आईच्या हातात माईक दिला. पुढे बसलेली दोन-तीन माणसं आधीच हसायला लागली होती.

आई म्हणाली, "माया मालक बुडले तवा हे पोरगी मायासंग रडली. मंग मोठी झाली अन् त्याच गोष्टीवर तिनं लोकायले हासवलं. मले लय वाईट वाटलं. तिले कधी सांगतलं नाई, म्हून आता सांगतो."

कुणी हसलं नाही.

आईने माईक परत दिला. फोटोपुढे वाकून फूल ठेवलं.

मी मागे उभी होते. माझ्याही हातात कुणीतरी फूल दिलं होतं. ते मी शेजारच्या बाईला दिलं.

वैशाली, आईने तुला निरोप दिला. तेवढा पुरे.

जा.