खोट पहिल्या पानावर

दस्त रजिस्ट्री ऑफिसात जमा होतात, किस्से मात्र लिहिणाऱ्याकडेच राहतात. माझ्याकडचे बहुतेक करीमभाऊंचे. नव्वदच्या दशकात गडचिरोलीत ते घरांची विक्रीपत्रं लिहायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. आज चार लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, ते त्यांच्यामुळेच.

त्यांचा नियम साधा होता. "दिसते ते घेणारा पाह्यते. नाई दिसत ते विकणाऱ्यानं सांगावं. लपवलं, तं उद्या कोर्टात सांगा लागते." म्हणून घराची खोट पहिल्या पानावर लिहायची, सह्या त्यानंतर.

*

एकजण छातीठोकपणे म्हणाला, "घर कुठीच गळत नाई." करीमभाऊंनी त्याच्या बायकोला विचारलं, "बाई, पावसात खाट कुठी सरकवता?"

"चुलीजवळ," ती म्हणाली. नवरा पंख्याकडे बघत बसला. मी लिहून घेतलं.

*

ब्रह्मपुरीला एक घर पाहायला गेलो, तर एकाच भिंतीवर तीन कॅलेंडरं, तीन वेगवेगळ्या सालांची! "तारीख पाहायले तीन लागतात काय?" म्हणत करीमभाऊंनी मधलं उचललं. मागे हात जाईल एवढी भेग. मालकानं घाईघाईनं चहा मागवला.

*

चामोर्शीचे एक गुरुजी मात्र भलतेच प्रामाणिक. दार करकरतं, शेजारचा कोंबडा अवेळी आरवतो, सासू दर शनिवारी येते, सगळं लिहा म्हणाले.

"गुरुजी," करीमभाऊ म्हणाले, "सासू घरासोबत नाई जात."

*

मग माझी पाळी आली. आईचा आजार वाढला होता, तिला दवाखान्याजवळ आणायचं होतं. गावातलं घर विकलं तरच इथलं घेता येणार होतं. त्या घराच्या मागच्या खोलीतला लाकडी खांब वाळवीनं आतून पोखरला होता, आणि मी वरून रंग मारला होता.

घेणारा समोर बसलेला. करीमभाऊ सगळ्यांना विचारायचे, तेच त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "काहीच खोट नाई, भाऊ."

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवला. "मंग पहिलं पान तूच लिही."

मी तारीख घातली, गावाचं नाव लिहिलं. शेवटी खांबाचं लिहिलं, कागद घेणाऱ्याकडे दिला आणि मान खाली घातली. सौदा गेला असंच वाटलं.

त्यानं वाचून सही केली. "माहीत हाय जी," तो म्हणाला. "घर पाहायले आलो, तवाच तुमच्या आईनं काठीनं खांब ठोकून दाखवला."