पायाळूची लाथ

आमचे आबा कोल्हापूरच्या गूळ बाजारात हमाल होते. घरात खाणारी पाच तोंडं आणि वाहणारी पाठ एकच. मी आठवीत असताना ती पाठ गेली.

भाकरी घेऊन गेले, तर आबा ट्रकमागं गुडघ्यावर. वाकलेले ते वाकलेलेच. उसण भरली होती. बाजारात उसणीवर एकच औषध, मुकादम. तो पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. पायाळूनं कमरेत लाथ घातली की उसण निघते, असं सगळेच मानायचे. आबाही मानायचे. त्यांनी स्वतःच सदरा वर केला.

"गाडी भरायच्या टायमालाच बरी उसण भरती तुझी," म्हणत मुकादमानं लाथ घातली. आबा तोंडावर आपटले.

"ऊठ की रं!"

उठले नाहीत. त्यानं पुन्हा घातली. मी त्याच्या पोटरीला कडकडून चावले, तर झिंज्या धरून मला पोत्यांवर फेकलं.

आबांचा डावा पाय त्या दिवसापासून ओढायला लागला. बाजारानं नाव ठेवलं, नाटक्या. ते घरात हाताला येईल ते फेकायचे. तांब्यानं आईची भुवई फुटली. रक्त पुसत ती म्हणाली, "भाईर मार खायाचा आन् घरात मर्दपणा! खरंच दुखतंय न्हवं तुमास्नी?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं.

म्हणून शिकले. आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेली पहिली मी, आणि हे मी मान वर करूनच सांगते. संशोधनाला विषय घेतला मणक्यांमधल्या चकत्यांचा. खाटकाकडून बकऱ्याचे पाठकणे आणायचे, करवतीनं कापायचे, यंत्रात घालून फुटेस्तोवर दाबायचे.

"ताई, एवढ्याचा रस्सा करता तरी कोण खातंय?" खाटीक विचारायचा.

धडधाकट चकती लवकर दाद द्यायची नाही. पण वारंवार दाबून थकवलेली चकती थोड्या झटक्यानंही फाटायची आणि आतला गर बाहेर यायचा. ती फाटली की मला बाजार दिसायचा.

पुढं कोल्हापुरात एमआरआय आल्यावर आबांना त्यात झोपवलं. कमरेतली चकती फुटून पायाच्या नसेवर बसली होती. कुठल्या लाथेनं, की नुसत्या ओझ्यानं, ते फोटो सांगत नाही. पाय का मेला, ते सांगतो.

आबा म्हणाले, "चल बाजारात."

मुकादम म्हातारा झाला होता, जीभ नाही. मी फोटो उजेडात धरला. "बघा, हे नाटक हाय?"

"पोरीला शिकवून आता फोटूचं नाटक व्हय रं?"

आबांनी काठी त्याच्या कमरेत घातली. मुकादम किंचाळत खाली बसला.

"ऊठ की," आबा म्हणाले. "का नाटक करतोस?"

हमाल हसले. मुकादमाच्या माणसांनी आम्हाला धक्के मारत गेटबाहेर काढलं, आबांचा ओठ फोडला. मागून एक हमाल लंगडत आला. "ताई, माझाबी पाय बधिर हुतोय. ह्यो फोटू कुठं काढायचा?"

मागोमाग आणखी आले. त्यांचेही फोटो काढले, आणि त्यांच्या कमरांवरच माझा प्रबंध उभा राहिला.

मला पीएच.डी. मिळाली. आबांचा पाय आला नाही. पण त्या बाजारात आता उसण भरलेल्या माणसाला लाथ घालत नाहीत, दवाखान्यात नेतात.