पहिले बारा आकडे

गाणगापुरात मी एका लॉजच्या काउंटरवर बसायचो. येणारे यात्रेकरू बहुतेक महाराष्ट्रातले. कुणी रोख देई, कुणी कार्ड. मशीनमधून निघणाऱ्या पावतीवर कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे छापून येत, बाकी फुल्या. मशीन बसवणाऱ्यानं बजावलं होतं, "एवढेच ठेवायचे. पूर्ण नंबर कुठंच लिहायचा न्हाई."

पण एकदा कुणाचे तरी पैसे परत करताना कार्ड कोणतं यावरून घोळ झाला, आणि मी डोकं चालवलं. कार्ड हातात आलं की पहिले बारा आकडे रजिस्टरात टिपायला लागलो. शेवटचे चार सोडले की नंबर अर्धवट, मग भीती कसली, असा माझा हिशेब.

लातूरकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका वर्षातून दोनदा दर्शनाला यायच्या. एकदा त्या आल्या, तेव्हा त्यांची नोंद मी लिहिली. मग त्यांना मागच्या मुक्कामाची तारीख हवी होती, म्हणून जुनं पान काढून रजिस्टर त्यांच्यापुढं फिरवलं. त्यांनी वाचलं आणि हळूच विचारलं, "हे आकडे माझ्या कार्डाचे का?"

"अर्धेच हायेत, अक्का. शेवटचे चार न्हाईत."

त्यांनी पानाला टाचलेल्या पावतीवर बोट ठेवलं. ते चार आकडे तिथं होते. पूर्ण नंबर, शेजारी त्यांचं नाव. आणि हे रजिस्टर दिवसभर काउंटरवर उघडं असायचं.

"कामून लिहिलंस रे?"

"मी न्हाई लिहिलं. आधी एक माणूस होता, त्यानं लिहिलंय."

तो माणूस केव्हाच काम सोडून कमलनगरला जीप चालवायला गेला होता. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईंनी जुन्या पानाकडं पाहिलं, मग नुकत्याच केलेल्या नोंदीकडं. किल्ली उचलून वर गेल्या. माझे कान तापले होते.

दोन दिवसांनी, त्या गेल्यावर, मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. त्यांनी बँकेत विचारलं. मग म्हणाले, "ती पानं बारीक कापून टाक. आणि ज्यांचे नंबर लिहिलेस, त्यांना फोन करून कार्ड बदलून घ्यायला सांग. तूच सांग."

पहिला फोन बाईंना केला. "अक्का, ते अक्षर माझंच होतं."

"मला तिथंच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "कार्ड बंद केलंय मी. आकडे लिहिलेस ते अज्ञानानं. दुसऱ्यावर ढकललंस, ते?"

पुढचे फोन करायला तीन दिवस लागले. कुणी शिव्या दिल्या, कुणी आभार मानले. आभार जास्त झोंबले.

बाई आता पलीकडच्या लॉजात उतरतात. रस्त्यात दिसल्या की मान हलवतात. मी नमस्कार करतो, पण नजर वर होत नाही.