शेवट आधी सांगा

त्या उन्हाळ्यात मी एक कोरी करकरीत रहस्यकथा दिवाणावर आपटली. पहिल्याच प्रकरणात पुण्यात एका बाईचा खून होतो आणि तिचं प्रेत कशात गुंडाळलेलं सापडतं? सोलापुरी चादरीत. हल्लीच्या कादंबऱ्यांत आमचं गाव येतं ते असंच. प्रेताला चादर लागते म्हणून, नाहीतर इन्स्पेक्टरची शिक्षेची बदली कुठंतरी करायची असते म्हणून. एवढं मोठं शहर, पण इथली एक बाई कधी कुणाच्या प्रेमात पडत नाही. त्यासाठी पुण्यात फ्लॅट लागतो.

प्रेमकथांचं तर विचारूच नका. नायिका मोठ्या कंपनीत नोकरीला, पण काम करताना कधी दिसत नाही. खिडकीत कुंडी, हातात कॉफी. नायकाची दाढी कायम दोन दिवसांची, ना वाढते ना निघते. दोघांत गैरसमज होतो आणि अर्धं पुस्तक टिकतो. हातात मोबाईल असतात, पण फोन करून 'काय झालं रे' एवढं विचारायचं कुणाला सुचत नाही. आणि वय? तिशीपुढचं माणूस प्रेमात पडलं तर लेखकाला बहुधा दंड होत असावा. पन्नाशीची बाई येते ती डबा भरून द्यायला, किंवा वेळेवर मरून घर नायिकेच्या नावावर करायला. रहस्यकथेत तिचे हाल याहून वाईट. विधवा असली की ती एक तर पहिल्या पानावर मरते, नाहीतर शेवटच्या पानावर दुधात विष कालवणारी निघते. तिसरा उद्योग तिला नाही.

"वहिनी, आपटू नका. परत द्यायचं हाय ते," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. त्यांना माळशिरसला दिलेलं. मुलगा चौथीत असताना नवरा गेला. शिलाई मशीनवर त्यांनी मुलाला शिकवलं, तो पुण्याला नोकरीला लागला, आणि साठी जवळ आल्यावर त्या आमच्याकडे, म्हणजे भावाच्या घरी, राहायला आल्या. वाचनाचा नाद मीच त्यांना लावला आणि डोक्याला ताप करून घेतला. कारण कुठलंही पुस्तक हातात दिलं की त्यांचं ठरलेलं, "शेवट आदी सांगा की."

प्रेमकथेचं एक वेळ ठीक. पण रहस्यकथेत खुनी आधी कळल्यावर उरतं काय? मी कितीदा चिडले, पुस्तक काढूनसुद्धा घेतलं. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या लग्नात मला कुणी शेवट सांगितला व्हता का? आता न्हाय फसायची मी. बाईचं बरं होणार असंल तरच वाचीन." मी पुस्तक परत दिलं.

आमच्या वाचनालयात एका सभासदाला एका वेळी एकच कादंबरी मिळते. नव्या पुस्तकाला तर रांग. म्हणून आम्ही वाचकांनी एक पद्धत पाडून घेतली आहे. पुस्तक परत करण्याआधी बाहेरच्या पायरीवर बसायचं आणि आपापसात अदलाबदल करायची. नोंद एकाच्या नावावर, पुस्तक दुसऱ्याच्या पिशवीत. ग्रंथपालांना सगळं ठाऊक आहे. ते दारात येतात, खाकरतात आणि परत आत जातात.

या पायरीवर दर गुरुवारी मोहोळहून एसटीने एक गृहस्थ यायचे. एसटीतूनच कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बायको काही वर्षांपूर्वी वारलेली. वाचन दांडगं, पण एक सवय भयंकर. शेवटचा थांबा ओरडून सांगण्यात आयुष्य गेलं, तेच त्यांनी पुस्तकांना लावलं होतं. एका गुरुवारी वन्सं माझ्याबरोबर पायरीवर बसल्या होत्या. माझ्या पिशवीतून अर्धवट वाचलेली कादंबरी डोकावलेली बघून ते उत्साहानं म्हणाले, "ती व्हय? दीर हाय बगा खुनी!"

मला इतका संताप आला की ती कादंबरी मी पिशवीच्या तळाशी कोंबली. आठवडाभर मी त्या घरातल्या प्रत्येकावर संशय घेत होते, घड्याळांच्या वेळा जुळवत होते, आणि या माणसानं एका वाक्यात दीर माझ्या पदरात टाकला. आणि वन्सं? त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. न विचारता शेवट सांगणारा माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

पुढचं ओळखायला मला कुठल्या इन्स्पेक्टरची गरज पडली नाही. गुरुवारी वन्संची साडी इस्त्रीची असायची. घरातली शेंगाचटणी लवकर संपायला लागली. आणि मोहोळहून परत आलेल्या एका प्रेमकथेच्या पानांना त्या चटणीच्या तेलाचे डाग होते.

चैत्रात एका दुपारी जेवताना वन्संनी सांगून टाकलं. आम्ही लग्न करणार, नोंदणी पद्धतीनं.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे रहस्यकथेला हात लावत नाहीत, फक्त प्रेमकथा वाचतात. वाचताना रडतात आणि मोतीबिंदूचं पाणी आहे म्हणून सांगतात. आदल्याच आठवड्यात एका नायिकेच्या घरच्यांनी तिचं लग्न मोडलं, तर ह्यांनी त्या घरच्यांना कसाई म्हणून चहा थंड करून घेतला होता. तेच हे आता हातातला घास ताटात टाकून म्हणाले, "ह्या वयात? लोक काय म्हणतील? तुला हितं काय कमी हाय?"

संध्याकाळी पुण्याहून वन्संच्या मुलाचा फोन आला. "आई, माझ्या सासरी मी काय तोंड दाखवू?" ज्या आईनं रात्रंदिवस ब्लाऊज शिवून त्याला उभं केलं, तिनं आता त्याच्या तोंडाची काळजी करायची!

मग माझा तोल गेला. "अहो, त्या पुस्तकातल्या पोरीसाठी तुम्ही चहा सोडलात. तिच्या भावाला शिव्या घातल्यात. आणि इथं?"

"ती गोष्ट हाय," हे म्हणाले.

ती गोष्ट आहे! हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. म्हणजे कागदावरच्या पोरीसाठी डोळ्यांतून पाणी काढायचं आणि सख्ख्या बहिणीला मात्र लोकांची भीती घालायची. मला तर वाटतं, लेखक साठीच्या बाईला प्रेमात पाडत नाहीत ते असल्या वाचकांना घाबरून. आणि असले वाचक घरात असं वागतात, कारण पुस्तकात त्यांनी तशी बाई कधी पाहिलेली नसते. दोन्हीकडून कोंडी बाईचीच.

वन्सं फोन ठेवून आल्या. भावासमोर उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुला इचारत न्हवते. सांगत व्हते."

नोंदणी लग्नाच्या नोटिशीचा महिना ह्यांनी घरात तोंड पाडून काढला. बहिणीशी बोलणं बंद. ताटात काय वाढलंय हेसुद्धा माझ्यामार्फत विचारायचे. वन्संनी त्या महिन्यात त्यांचे दोन शर्ट शिवले आणि न बोलता कपाटात ठेवले. ते बघून मला जास्तच राग यायचा.

लग्नाच्या सकाळी मी ह्यांना शेवटचं विचारलं, येताय का? ते एक प्रेमकथा उघडून बसले होते. नुसती मान हलवली. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती, निदान त्यानं तसं कळवलं होतं. शेवटी साक्षीला मी आणि पायरीवरच्या दोन वाचक मैत्रिणी. त्यांतल्या एकीनं येताना सवयीनं पिशवीत कादंबरीही आणली होती.

सही करायच्या आधी वन्संनी पेन हातात धरून जरा वेळ घेतला. मी हळूच विचारलं, "वन्सं, ह्याचा शेवट विचारलात का त्यांना?"

"त्ये सांगायलाच लागले व्हते," त्या म्हणाल्या. "म्याच तोंडावर हात ठिवला. म्हनलं, ह्या येळंला असू दे."

आणि त्यांनी सही केली. मोहोळच्या त्या बडबड्या माणसाचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा ते गप्प बसलेले मी पाहिले आणि त्या खुनी दिराबद्दल मी त्यांना माफ करून टाकलं.

स्टँडवर त्यांना एसटीत बसवून मी घरी आले तेव्हा उन्हानं डोकं भणभणत होतं. हे तिथंच, त्याच खुर्चीत. अंगात वन्संनी शिवलेला शर्ट, हातात तीच प्रेमकथा, पान सकाळचंच. ती कादंबरी माझी आधीच वाचून झाली होती. वाचकानं वाचकाशी जे कधी करू नये ते मी त्या दिवशी मुद्दाम केलं.

"शेवटी लग्न होतं दोघांचं," मी म्हणाले. "तिचा भाऊ येत नाही."

ह्यांनी चष्मा काढला. "पुस्तकात?"

"पुस्तकात येतो," मी म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.