राजदूतचा आवाज

देगलूरच्या नागप्पांनी तीस वर्षं राजदूत फटफटीवर कापडाचे गठ्ठे बांधून गावोगावचे बाजार केले. गाडीच्या सायलेन्सरला भोक पडलेलं. ती वेशीपाशी आली की अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि बायको गुरम्मा तेवढ्यात भाकरी तव्यावर टाकायची. नागप्पा हातपाय धुऊन बसेस्तोवर भाकरी टम्म फुगलेली. बाकी नवराबायकोचं बोलणं म्हणाल तर जेवढ्यास तेवढं.

आता गुरम्मा कोणालाच ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, विसरायचा आजार आहे, बरा व्हायचा नाही. नागप्पा समोर बसले तरी ती पदर सावरून विचारते, "पाव्हणं कुठलं?" पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि माणूस पाव्हणा! सांगा, कोणाचं काळीज जागेवर राहील? पण दिवे लागले की ती उंबऱ्याशी येऊन रस्त्याकडं कान लावायची, ते नागप्पांनी बरोबर हेरलं.

मग म्हातारा इरेला पेटला. बारा वर्षं धूळ खात पडलेली राजदूत त्यांनी अंगणात काढली. इंजिन उघडलं, एकेक भाग घासलेटात धुतला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्बोरेटर चार वेळा खोलला. सून मंजुश्री म्हणाली, या वयात हा उपद्व्याप कशाला. ऐकतो कोण? जन्मात गिऱ्हाइकापुढं फाटकं कापड ठेवलं नव्हतं त्यांनी. त्याच सवयीनं कुजका सायलेन्सर भंगारात दिला आणि लातूरहून कोरा आणून बसवला.

तीन महिन्यांनी, दिवेलागणीला, ते वेशीपर्यंत जाऊन परत फिरले. इंजिन कसं मुकाट चालत होतं. दारात उतरले, तर गुरम्मा उंबऱ्याशी तशीच बसलेली.

"कोण आलंय बघ गं," ती मंजुश्रीला म्हणाली. "बसायला सांग त्यांना. आमचे मालक अजून यायचे हायत. त्यांची गाडी मला वेशीपासून कळती."

नागप्पा तसेच भंगारवाल्याकडं धावले. माल कधीच वितळायला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या सायलेन्सरला खिळा ठोकून तीन भोकं पाडली. आवाज झाला, पण तो नव्हे. गुरम्मानं मानसुद्धा वळवली नाही.

आता गाडी पुन्हा पोत्याखाली आहे. संध्याकाळी नागप्पा उंबऱ्यावर जाऊन बसतात. पाव्हण्याला गुरम्मानं शेजारी जागा दिलीय, आणि अंधार पडेस्तोवर दोघं मिळून नागप्पांची वाट बघतात.