लोणच्याला कुलूप

माझा मित्र दिलीप गेल्याचं मेधावहिनींनी मला फोनवर सांगितलं, तेही एका वाक्यात. "भाऊजी, हे गेले हो." स्वादुपिंडाचा आजार होता. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, "आणि एक सांगायचंय. तळघरातलं ते कपाट मी एकटी उघडणार नाही. दिवस झाले की तुम्ही या. तुमच्या ईरालाही आणा."

ते कपाट म्हणजे बंदुका ठेवायचं पोलादी कपाट, जर्मन कायद्याला हवं तसं, भिंतीत बोल्टांनी आवळलेलं. तीन वर्षांपूर्वी दिलीपने परवाना गमावला आणि दोन्ही शस्त्रं सरकारजमा केली, असं तो सांगायचा. पण परत करायला तो एकटाच गेला होता, आणि त्यानंतरही कपाटाला कुलूप राहिलंच. वहिनी त्या कोपऱ्यात पूर्वीही जात नसत, नंतरही गेल्या नाहीत. आत लोणची ठेवतो, असं तो म्हणायचा. "लोणच्याला कुलूप कोण लावतं, भाऊजी?" हा त्यांचा प्रश्न. आत काही निघालं तर ते ताबडतोब ओर्डनुंग्सआम्टला, म्हणजे परवान्याच्या सरकारी कचेरीला, कळवणं भाग होतं. शिवाय मेलेला नवरा खोटं बोलला होता, हेही ठरणार होतं.

दिलीप आणि मी ब्राउनश्वाइगला एकाच वर्षी आलो. तो गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचा, मी तयार भागांची मोजमापं तपासायचो. माझ्या सवयीमुळे त्याने मला 'टेपपट्टी' असं नाव ठेवलं होतं, आणि ते मंडळाच्या गणपतीत सगळ्यांच्या तोंडी झालं. जन्मभर शाकाहारी असलेल्या या माणसाने शिकारीचा परवाना काढला तेव्हा लोक हसले. कारण फार थोड्यांना माहीत होतं. एका संध्याकाळी वोल्फ्सबुर्गहून परतताना त्याच्या गाडीखाली हरणाची मादी आली. मागचे पाय तुटले होते, पुढच्या पायांवर ती उठायला बघत होती. पोलिसांनी त्या भागाच्या शिकाऱ्याला बोलावलं, आणि तो येईपर्यंत दिलीप तिच्याशेजारी रस्त्याच्या कडेला उभा होता. "ती माझ्याकडे बघत होती रे. आणि माझ्या हातात मोबाइल," तो मला म्हणाला. पुढचं वर्षभर त्याने अभ्यास केला आणि ती अवघड परीक्षा पहिल्या फेरीत पास झाला. एक रायफल नियमापुरती घेतली. पिस्तूल मात्र वापरण्यासाठी होतं, गाडीखाली आलेल्या जनावराची सुटका करायला. पोलिसांचा फोन आला की तो जायचा, परत आल्यावर आंघोळ करायचा आणि त्या रात्री जेवत नसे. निरोगी प्राण्यावर त्याने कधी गोळी झाडली नाही. वहिनींना यातलं काहीच पसंत नव्हतं. "घरात यमाचं हत्यार आणि देव्हारा, दोन्ही एका छपराखाली," असं त्या ऐकवायच्या.

ज्या सहलीमुळे परवाना गेला, त्या आल्प्सच्या सहलीला आम्ही चौघं होतो. दिलीप, मेधावहिनी, मी आणि माझी मुलगी ईरा. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. बव्हेरियात अस्वल जवळजवळ नसतंच. क्वचित एखादं दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येतं. त्या उन्हाळ्यात आमच्या वाटेपासून दोन दऱ्या पलीकडे एक कॅमेऱ्यात दिसलं होतं. डोंगरातल्या लाकडी हुटेमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात, आम्ही मुक्काम केला, तिथे सूचना लावलेली होती: पळू नका, शांत आवाजात बोलत राहा, हळूहळू मागे या. ती वाचून मी सगळ्यांना सांगितलं की अस्वलापेक्षा आपण इथवर ज्या आउटोबानने आलो तीच जास्त धोक्याची. दिलीपच्या कमरेच्या पिशवीत ते पिस्तूल आहे हे मला माहीत नव्हतं. शिकारीच्या हद्दीबाहेर, असं फिरायला जाताना ते जवळ बाळगायला त्याला परवानगी नव्हती. आणि नियमाच्या बाबतीत तो माझ्याहून कडक होता.

वरच्या अंगाला खुरटी पाइन दाट माजली होती आणि वाट तिच्यामधून वळत जात होती. ईरा ब्लूबेरी खात पुढे गेली होती. वळणावर आम्हाला तिची पाठ दिसली, आणि तिच्या पलीकडे ते. आधी मला ती गाय वाटली. मग ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाक वर करून वास घेऊ लागलं... ईरा जागच्या जागी थिजली होती. दिलीपने पिशवीची चेन ओढली आणि त्याच्या हातात काळं काहीतरी आलं. दोन्ही हातांनी ते त्याने समोर धरलं. माझी मुलगी त्या रेषेच्या जेमतेम हातभर डावीकडे होती.

"अहो, झाडा ना!" वहिनी कुजबुजल्या. "झाडा! कशाची वाट बघताय?"

त्याने हात खाली केला. पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे गेलं. मग वर्गात बोलावं तशा संथ, भरीव आवाजात तो म्हणाला, "ईरा, वळू नकोस. मी पाढा म्हणतोय. एका ओळीला एक पाऊल, मागे. बारा एके बारा."

ती हलली नाही.

"बारा दुणे चोवीस. ये बाळा. बारा त्रिक छत्तीस."

"या, ओंकेल," हो काका, असं ती पुटपुटली आणि तिने पाय मागे घेतला. बारा चोक अठ्ठेचाळीस. बारा पाचा साठ. अस्वल डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत होतं. वहिनींनी माझा दंड पकडला होता, त्याचे वळ पुढे दोन दिवस होते. बारा सक बाहत्तर. तिच्या पायाखालून एक दगड सुटला आणि खडखडत गेला. अस्वल पुढे झुकलं, एक पाऊल आलं. दिलीपचा आवाज जसाच्या तसा. बारा साते चौऱ्याऐंशी. बारा आठे शहाण्णव, आणि त्याच्या मोकळ्या हाताने तिच्या सॅकचा पट्टा पकडला. अस्वल चारी पायांवर आलं, आमच्याकडे पाठ केली आणि झुडपात शिरलं. बराच वेळ फांद्या मोडत असल्याचा आवाज येत होता...

हुटेत पोचल्यावर ईराला रडू आलं, आणि रडता रडताच तिने विचारलं, "ओंकेल, वारुम माथे?" गणितच का? तो म्हणाला, "अगं, ते इटलीहून आलेलं. त्याला जर्मन कुठे कळणार?" ती हसली. वहिनी हसल्या नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी त्याला विचारलं, "मग आणलंत कशाला? इतकी वर्षं ते घरात ठेवलंत, मी सहन केलं. आज पोर समोर होती. नव्हतं झाडायचं तर आणलंत कशाला?" त्याने ईरापुढे चहाचा कप सरकवला.

संध्याकाळी त्या भागातल्या अस्वलांची नोंद ठेवणारे एक म्हातारे गृहस्थ आले. अंतर किती होतं? वहिनी म्हणाल्या दहा मीटर, दिलीप म्हणाला तीस, मी अठरा सांगितलं. ते अंगावर आलं का? मी विचार करत होतो, कारण एक पाऊल तर आलं होतं. दिलीप म्हणाला, "नाही. आम्ही त्याच्या खाण्यात आलो. आणि लिहून घ्या, मी पिस्तूल काढलं होतं." म्हाताऱ्यांनी पेन थांबवलं. हे आपल्याला परवान्याच्या कचेरीला कळवावं लागेल, असं ते म्हणाले. "गेनाऊ, अगदी बरोबर," दिलीप म्हणाला, "म्हणूनच सांगतोय." खोलीत परतल्यावर मी त्याला वेड्यात काढलं. विचारलं कोणी होतं? तो म्हणाला, "टेपपट्टी, हातात पिस्तूल असूनही झाडावं लागलं नाही, हे गाळून अर्धीच हकीकत दिली तर ते अस्वल धोकादायक ठरेल, आणि उद्या त्याला गोळी घालतील. त्याची जबानी द्यायला आपल्याशिवाय होतं कोण?"

परवाना गेला. रस्त्यात पडलेल्या हरणांसाठी पोलीस आता दुसऱ्या कोणाला बोलावतात. दिलीपने त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. माझ्या मनात मात्र एक प्रश्न कुसळासारखा अडकून राहिला. त्याला मूल नाही. ईराच्या जागी त्याची स्वतःची मुलगी असती तर त्याने तेवढा वेळ घेतला असता का? कृतज्ञता आणि संशय एकाच माणसाबद्दल तीन वर्षं बाळगणं सोपं नसतं. इस्पितळातल्या आमच्या शेवटच्या भेटीत मी विचारलं. खिडकीत खूप ऊन होतं, त्याने डोळे मिटलेले होते. झोपला असं मला वाटलं.

"आणलं तिच्यासाठीच," तो म्हणाला. "कॅमेऱ्यातलं अस्वल वाचलं आणि घाबरलो. कायदा मोडला, तो त्या भीतीने." मग थांबून थांबून, "माझी असती ना... तर झाडली असती. हात कापत होते माझे. चुकलो असतो. तुझी होती, म्हणून भान राहिलं. तुला उत्तर द्यायचं होतं."

मी त्याच्या पायांवरची चादर नीट केली.

चौदावा झाल्यावर आम्ही तिघं तळघरात उतरलो. ईरा आता हायडेलबर्गला शिकते, ती रात्रीच्या गाडीने आली होती. किल्ली देव्हाऱ्यातल्या घंटेखाली सापडली. वहिनींनी ती माझ्या हातात दिली आणि त्या दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. दार जड होतं. आत रायफल टेकवायच्या फेल्टच्या खाचांसमोर ओळीने बरण्या होत्या: कैरी, लिंबू, आवळा. वहिनींनी श्वास सोडला. पण वरच्या बाजूला आणखी एक छोटा पोलादी कप्पा होता, त्याला वेगळं कुलूप. पिस्तूल आणि गोळ्या तिथेच असायच्या. "तो पण उघडा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी डोंगरात होता तसाच झाला होता. दुसरी किल्ली त्याच जुडग्यात होती. ती लागेना. ईराने माझ्या हातातून घेतली आणि उलटी करून फिरवली.

आत एक बरणी होती. हिरव्या मिरचीचा ठेचा, अर्धा संपलेला, वर तेल.

"आख सो," म्हणजे अच्छा, असं ईरा म्हणाली. "मला सांगितलं होतं त्याने. दारूगोळा नेहमी वेगळ्या कप्प्यात." 'आख सो' सोडलं तर हे सगळं ती मराठीत बोलली. अडखळत, पण मराठीत.

वहिनी पुढे आल्या. त्या कपाटापाशी मी त्यांना प्रथमच बघत होतो. त्यांनी हात आत घालून कप्प्याचा तळ चाचपला, कडा चाचपल्या, मागची भिंत चाचपली. काही नव्हतं. मग बरणीचं झाकण काढून वास घेतला, पुन्हा घट्ट लावलं आणि बरणी होती तिथेच ठेवली. "वर आणू का जेवायला?" मी विचारलं.

"नको. तिथेच बरा तो," त्या म्हणाल्या. "धोकादायक आहे." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने किल्ली फिरवली.