गोल सेलचा पाइप

धुळ्यात माझं विजेवरच्या सायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. लिथियमचा पॅक उघडून दाखवला की गिऱ्हाईक हमखास विचारतं, सेल गोल बरा, चौकोनी बरा, की पाकिटासारखा चपटा? मी सांगतो. चौकोनी सेल एकाला एक चिकटून बसतात, जागा वाया जात नाही, पण तापले की कुशी फुगतात. पाकीट हलकं, पण त्याला स्वतःचा ताठपणा नाही, वरून धरून ठेवणारं काहीतरी लागतं. गोल सेल शेजारी शेजारी ठेवले की मध्ये पोकळी राहतेच. जागा खातात खरे, पण आतला दाब सगळीकडून सारखा पेलतात आणि पोकळीतून हवा खेळते. आकार कोणताही घ्या, आत गॅस झाला तर बाहेर जायला वाट हवी. एवढंच सांगतो. हे कुठे शिकलो ते धुळ्यात कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

नव्वदच्या दशकात मी आणि माझा मावसभाऊ जळगावात मोटर वायंडिंगच्या दुकानात कामाला होतो. तो साक्रीकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बोलण्यात पटाईत. मी त्याला भाऊच म्हणायचो. सायकलला मोटर लावायची कल्पना दोघांची, बॅटरीची माझी. त्याला कॅरियरवर स्कूटरची चौकोनी बॅटरी हवी होती. मी म्हटलं, ॲसिड हिंदकळेल, पँट जळेल. भंगारात मला चार्ज होणारे जाडे गोल सेल मिळाले होते. ते विजेरीत घालतात तसे एकामागे एक पाण्याच्या पाइपात घालायचे आणि पाइप सायकलच्या दांडीला बांधायचा. जळगाव पाइपांच्या कारखान्यांचं गाव, तिथे काहीही बनवायचं तर हात आधी पाइपाकडेच जातो.

"बॅटरी शे का ठिबकनी नळी?" भाऊ हसला.

पण चालली. गाडीच्या पंख्याची मोटर घरघरली आणि सपाट रस्त्यावर सायकल माणसासकट पळाली. पाइपाच्या दोन्ही टोकांना पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावून टोपणं पक्की केली होती. एका टोपणाला मी खिळा तापवून बारीक भोक पाडलं. चार्ज होताना हे सेल गॅस सोडतात, हे मला ठाऊक होतं. भाऊला नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही.

पहूरला शेती अवजारांचं प्रदर्शन होतं, तिथे सायकल नेली. माइकवाल्याने विचारलं, कोणी बनवली? भाऊने माइक हातात घेतला. "बठ्ठं मीच करेल शे." मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आनि हाऊ? हाऊ मन्हा पाना धरस."

मांडव हसला. त्याचं मला काही वाटलं नसतं. पण पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. परतताना बसमध्ये म्हणाले, "शिक काही त्यानापासून."

तिथल्या तिथे भांडलो असतो तर कदाचित मिटलं असतं. पण तो माझा स्वभाव नाही. आठ दिवस मी त्याच्या शेजारी बसून तार गुंडाळत होतो, आणि दर वेढ्याला तो हशा ऐकत होतो.

पुढचं प्रदर्शन धुळ्याला होतं, भाऊ एकटाच जाणार होता. आदल्या दुपारी तो जेवायला गेला, तेव्हा मी काडीच्या टोकाने त्या भोकात सोल्यूशनचा थेंब सोडला. वाळेपर्यंत फुंकर घातली. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला फक्त त्याची फजिती हवी होती, सायकल चारचौघांत बंद पडावी एवढंच. खोटं आहे. भोक बुजवल्याने सायकल बंद पडत नाही. दाब साठेल हे मला कळत होतं. त्याला इजा व्हावी असंच मला वाटत होतं. किती, ते मी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या मांडवात त्याने पाइप ट्रकच्या बॅटरीच्या चार्जरला जोडला आणि लोकांना दाखवायला त्यावर वाकला. टोपण उडालं. डावा डोळा गेला. सगळ्यांनी भंगारातल्या सेलना दोष दिला. दवाखान्यात मावशी माझा हात धरून म्हणाली, "तू शे म्हनीसन धीर शे." मी तिला चहा आणून दिला.

भाऊने साक्रीत बियाण्यांचं दुकान टाकलं. लग्नाच्या पंगतीत मी नेहमी त्याच्या डावीकडे बसतो. तिथून मी त्याला दिसत नाही. आणि आता सगळंच लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो: कुणी त्याच्या हुशारीचं कौतुक करू लागलं की आजही मनात येतं, बरं झालं.

गेल्या थंडीत मी साक्रीला गेलो. दुकानात तो एकटाच होता. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तराजूतलं बी त्याने सावकाश पोत्यात परत ओतलं.

"माले माहीत शे."

"कवयपासून?"

"दवाखानामा व्हतू तवयपासून. ते टोपन दखाडं माले एक मानूसनी. भोकमा सोल्यूशन वाळेल व्हतं."

"मंग बोलना का नही, भाऊ?"

"कसाले बोलू?" तो म्हणाला. "बोलतू ते तू मोकया व्हई जाता."

मग बाहेर डोकावून त्याने दोन चहा सांगितले. मी माफी मागायला गेलो होतो. ती मागितलीच नाही. चहा येण्याआधीच मी उठलो. परतीच्या बसमध्ये मला पश्चात्ताप नव्हता, राग होता: मी मोकळा होऊ नये म्हणून तो इतकी वर्षं गप्प राहिला होता.